हरिबाच्या माशाचं सुतक

पलूसच्या पारावर पंचवीस वर्षं समुद्र होता तो एकट्या हरिबाचा. पहिल्या महायुद्धात तो बसऱ्याला जाऊन आला होता आणि वाटेत त्यानं एक मासा बघितला होता. माशाचं तोंड जहाजाजवळून गेलं सोमवारी, शेपूट गेलं बुधवारी. खरं सांगायचं तर जाता-येता हरिबा जहाजाच्या तळाशी ओकत पडला होता. समुद्र काही त्याच्या नजरेला पडला नाही. पण हे त्याच्या बायकोला, बनुबाईलाच तेवढं ठाऊक.

सेहेचाळीस साली गावचा तरणा नाथाजी आरमारातून परतला. पहिल्याच संध्याकाळी पारावर बसून म्हणाला, "लढाई संपली, तोफगोळं उरलं. जहाजं भरभरून दर्यात बुडीवलं. ह्याच हातांनी. पाण्यावर दोन बोटं तेल, मासं पोट वर करून. आता सरकारला अर्ज करायचा, दर्यात घाण टाकू नका म्हणून."

"कुठल्या सरकारला?" अर्ज लिहायला बसलेल्या मदनशेठनं विचारलं.

प्रश्न रास्त होता. आमच्या मुलखात त्या साली सरकारांची टंचाई नव्हती. इंग्रजांचं एक, शेजारच्या संस्थानाचं एक, आणि कालपरवापर्यंत उसात लपून न्यायनिवाडा करणारं भूमिगतांचं तिसरं.

"जेवढी सरकारं, तेवढं अर्ज!" नाथाजी म्हणाला, आणि सगळा पार त्याच्याकडं सरकला. हरिबाची चंची उघडी राहिली, तंबाखू मागायलाही कुणी आलं नाही.

हरिबाच्या पोटात असं दुखलं की बनुबाईनं ओवा काढला. मग तोंड बघून परत डब्यात टाकला. "ओव्यानं जायचं न्हाई हे. नाथाजी गावाबाहेर गेला तरच उतरंल."

दुसऱ्या दिवशी हरिबानं पारावर घसा साफ केला. "गड्यांनो, मी बघितलाय समुद्र. तुमची कृष्णा त्यात वतली तर वल सुदिक दिसायची न्हाई. चार गोळ्यांनी त्याचं काय हुतंय?"

लोकांना पटलं. एवढ्या मोठ्याला कोण काय करणार? अर्जावरचे अंगठे चाळिसावर थांबले. हरिबा त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त जेवला.

तिसऱ्या दिवशी नाथाजी घरी आला. हरिबा भांडायच्या तयारीनं बसला. पण नाथाजी खाली मान घालून म्हणाला, "आबा, मी आरमारात गेलो ते तुमच्या माशापायी. चार वर्सं कठड्याला उभं राहून वाट बघितली. दिसला न्हाई. आमच्याच गोळ्यांनी मेला आसंल."

"चार वर्सं? कठड्याला?"

"व्हय."

हरिबाला भलत्याच जागी काटा रुतला. पार गेला तो गेला. ह्यानं चार वर्षं समुद्र बघितला! "कसा दिसतुया रं?" त्याच्या तोंडून निसटलं. "म्हंजे, आताशा?"

चुलीपाशी बनुबाईनं पदर तोंडात कोंबला.

त्या संध्याकाळी हरिबा पारावर उभा राहिला. मग म्हणाला, "बसऱ्याच्या हवालदाराची चिठ्ठी आली. मासा गेला."

"आपला मासा?" म्हातारी शालूबाई किंचाळली.

"पोटात दोनशे गोळं सापडलं. तोंड मेलं सोमवारी. शेपटाला कळलंच न्हाई, ते बुधवारपतूर हलत हुतं बिचारं."

पारावर पंचवीस वर्षांची माणसं होती. त्या माशाबरोबर वाढलेली. कुणी नाक ओढलं, कुणी पागोटं काढलं. शालूबाईनं घरी जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. मग ओल्या केसांनी येऊन अंगठा दिला. तिच्यामागं सगळी वस्ती. अंगठे झाले तीनशे बारा.

नाथाजी कागद हातात घेऊन उभा होता. त्याच्या तेलाबद्दल एकानंही विचारलं नव्हतं.

"आबा, माझं मासं खरं मेलं हुतं," तो दात आवळून म्हणाला.

"लय बारीक हुतं रं तुझं."

"मुंबैला अर्ज मी एकटाच देईन. सायबापुढं तुमचा मासा नगं."

"सायबापुढं चकार शब्द काढणार न्हाई," हरिबा घाईनं म्हणाला. "तू आत जा. मी भाईर बसतो, दर्याकडं तोंड करून."

नाथाजीनं त्याच्याकडं निरखून पाहिलं. मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"चला. पर गाडीत खिडकीला मी बसणार."