वेगळ्या पाकिटातली होडी

मी एक जुनी होडी आहे. जुनी म्हटलं तर चालेल, म्हातारी म्हटलेलं मला खपत नाही. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरच्या एका गारठलेल्या शेडमध्ये ओकच्या फासळ्यांवर सीडरच्या फळ्या ठोकून मला घडवलं. माझा मालक वेंडल पिंकम. त्याने आपल्या बायकोचं नाव, ‘विनी’, माझ्या पाठीवर रंगवलं. ती बिचारी लवकर गेली. तिचं नाव मात्र रोज समुद्रावर जात राहिलं.

मित्रांनो, माझं काम शेवंडी, म्हणजे लॉबस्टर, पकडण्याचं. पहाटे निघायचं, पिंजरे वर ओढायचे, शेवंडी मापायच्या, लहान असतील त्या पाण्यात सोडायच्या, नवं आमिष भरून पिंजरा पुन्हा खाली टाकायचा. माझ्या अंगाला माशांचा वास येतो. नाक मुरडू नका, याच वासात वेंडलची मुलगी कोरा वाढली. एका उन्हाळ्यात होड्यांच्या शर्यतीत मी पहिली आले. धक्क्यावरचं सगळं गाव माझ्याकडे बघत होतं, आणि खरं सांगते, मी जरा शेफारलेच.

मग वेंडलचे गुडघे गेले. मला पाण्याबाहेर काढून अंगणात ठोकळ्यांवर चढवलं. फळ्या वाळल्या, सांधे उघडले, ताडपत्रीखाली उंदरांनी संसार थाटला. उन्हाळी पाहुण्यांसाठी हॉटेल चालवणारा एक गृहस्थ येऊन मला थोपटून गेला. त्याला मी हिरवळीवर हवी होते, पोटात बिअरची पिंपं ठेवायला. वादळात मी कधी इतकी घाबरले नव्हते.

मला वाचवलं कोराने. दुसऱ्यांच्या होड्यांवर राबता राबता तिला स्वतःच्या नावाचा परवाना मिळाला, आणि वेंडलने मला तिला एका डॉलरला विकलं. आमच्याकडे तशीच रीत आहे. मुलांना होडी, ट्रक, जमिनीचा तुकडा, काहीही द्यायचं झालं की एक डॉलर घ्यायचा, कागदावर ‘विकलं’ लिहायचं आणि हवापाण्याच्या गप्पा सुरू करायच्या. ‘दिलं’ असं म्हणायची इथे सगळ्यांनाच लाज. कोराने माझी डागडुजी केली आणि तो पूर्ण हंगाम मी तिच्याबरोबर कामाला गेले.

घोळ झाला मार्चमध्ये. मी शेडमध्ये होते. पाणी आत येऊ नये म्हणून कोरा माझ्या सांध्यांत कापूस ठोकत होती आणि वेंडल पिंपावर बसून नको त्या सूचना देत होता. तेवढ्यात ओपल डायर आली. ती वेंडलच्या वर्गातली, निम्म्या गावाचे कराचे कागद तीच भरते.

“वेंडल, तुझ्या कागदांत हा विक्रीचा कागद सापडला,” ती म्हणाली. “नव्वद हजारांची होडी डॉलरला? अरे, ही विक्री नव्हे. ही भेट आहे.”

“डॉलर घेतलाय मी. विकली.”

“सरकार तुझ्याइतकं लाजाळू नाही. भेटीचा वेगळा अर्ज भरावा लागेल.”

कोराची हातोडी थांबली. “भेट म्हणजे कर आला. ओपलमावशी, एवढा कर मी कुठून भरू? इंजिन आत्ताच नवं घातलंय. बाबा, घ्या ही परत. देऊन टाका त्या हॉटेलवाल्याला.”

माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा ती बिअरची पिंपं आली.

“जरा दम धर गं,” ओपल म्हणाली. “घेणाऱ्याला काही भरावं लागत नाही. अर्ज देणाऱ्याने करायचा. आणि त्यालाही आज एक पैसा पडत नाही. माणसाला जन्मभरात कर न भरता जेवढं देता येतं, त्यातून एवढं वजा होतं, बस. तुझ्या बापाने अशा शंभर होड्या दिल्या तरी ते संपायचं नाही.”

“मग माझ्या मिळकतीच्या कागदातच घाल की एक ओळ,” वेंडल म्हणाला.

“नाही घालता येत. तो कागद तू काय मिळवलंस त्याचा, हा तू काय दिलंस त्याचा. वेगळा अर्ज, वेगळी सही, वेगळं पाकीट.”

“मग मी सहीच करत नाही.”

“का रे बाबा?”

वेंडल गुडघे चोळू लागला. “धक्क्यावर तिला म्हणतील, बापाने आयती होडी दिली. तिने विकत घेतली असंच राहू दे. ताठ मानेने वावरू दे तिला.”

कोरा शिडीवरून खाली उतरली. “बाबा, तुम्ही डॉलर मागितलात ना, तेव्हा मला वाटलं, तुम्हाला ही द्यायचीच नाहीये. आईचं नाव आहे म्हणून. नाइलाजाने देताय. अख्खा हंगाम मी हिच्यावर परक्यासारखी वावरले. साधा रंग बदलायची हिंमत झाली नाही माझी.”

“वेडी की खुळी तू!” वेंडल पिंपावरून उठलाच. “तुझ्याशिवाय कुणाला देणार होतो?”

मित्रांनो, मी लाकडाची आहे, पण त्या क्षणी मला फार भरून आलं.

“हेच लिहायचंय अर्जात, फक्त थोडक्यात,” असं म्हणत ओपलने पेन पुढे केलं. माझ्या इंजिनाच्या झाकणावर कागद ठेवून वेंडलने सही केली. नात्याच्या जागी ‘मुलगी’ लिहिताना त्याने चांगलाच जोर दिला. तिकिटं वाचवायला कोरा मिळकतीचा कागदही त्याच पाकिटात घालू लागली, तेव्हा ओपलने तिच्या हातावर चापटी मारली. दोन पाकिटं झाली. वेंडल ती घेऊन स्वतः पोस्टात गेला, लंगडत, पण शीळ घालत.

मे महिन्यात मला पाण्यात सोडलं. धक्क्यावरून कुणीतरी ओरडलं, “काय वेंडल, पोरीला होडी विकलीस म्हणे?”

“विकली नाही, दिली!” वेंडल सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “सरकारला कळवून दिली.”

लोक हसले, पण ‘आयती’ हा शब्द कुणी काढला नाही. कोराचा हंगाम त्यांनी पाहिला होता.

कोराने माझ्यावर मागच्या बाजूला एक खुर्ची बोल्टने पक्की बसवली होती. हात धरून तिने वेंडलला आत घेतलं.

“ही खुर्ची कुणाची?” त्याने विचारलं.

“तुमची. दिली.”

“मग ओपलला विचार, हिचाही अर्ज भरावा लागतो का.”

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आपल्या वस्तू ऊन, पाऊस आणि उंदरांच्या हवाली करू नका. ज्याच्या हाती त्या नांदतील त्याला वेळेवर द्या, आणि देताना ‘दिलं’ असं तोंडाने म्हणा. ते ऐकल्यापासून मी जास्त हलकी चालते, असं कोरा म्हणते. वेंडलचं म्हणणं, ते नव्या इंजिनामुळे.