दुसरी किल्ली

सगळ्यांवर संशय घ्यायचाच मला पगार मिळतो. लष्कराच्या मालसाठ्यात चोरीला कुठे वाव आहे ते शोधायचं, हे माझं काम. दापोड्याच्या भाड्याच्या गोदामातून जवानांच्या गणवेशाचं कापड गायब होत होतं आणि जवळच भिवंडीच्या बाजारात सर्रास विकलं जात होतं. त्याचा गणवेश अंगावर चढवून कुणी छावणीत शिरलं तर? या विचारानं माझी झोप उडाली होती.

गोदामाला दोन कुलपं. एकाची किल्ली लष्कराच्या माणसाकडे, दुसऱ्याची गोदाममालकाच्या माणसाकडे. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही, हा नियम.

लष्कराचा माणूस म्हणजे सावळारामकाका, निवृत्त हवालदार, माझ्या वडिलांच्या पलटणीतले. त्यांच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाहिलेली. म्हणजे उरला गोदाममालकाचा माणूस, अब्दुर्रहमान. त्याच्या भावाचे यंत्रमाग, मेव्हण्याचं कापडाचं दुकान. मला आणखी काय हवं होतं? सकाळपासून मी त्याच्यावर डोळा ठेवून होते. तो हसला तरी खटकायचं, गप्प बसला तरी खटकायचं.

शुक्रवार होता. दुपारी तो नमाजाला गेला.

"आता तो येईपर्यंत बसा," मी वैतागले.

"कशाला बसतेस पोरी? चल, दावतो तुला."

काकांनी खिशातून किल्ल्या काढल्या आणि दोन्ही कुलपं उघडली.

"दुसरी किल्ली तुमच्याकडे कशी?"

"दर शुक्रवारी देऊन जातो तो. मधेच गाडी आली तर खोळंबा नको."

"आणि कापडही शुक्रवारीच जातं का, काका?"

त्यांनी उघडलेलं कुलूप कडीला अडकवलं.

"किल्ली त्याची हाय, त्यालाच इचार ना. तसा पण तुझा संशय त्याच्यावरच हाय. सकाळधरनं बघतोय मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्याच संशयाच्या आडोशाला ते निवांत उभे होते.

तेवढ्यात अब्दुर्रहमान परतला. "झालं का मॅडम? सावळारामभाऊ, किल्ली द्या," म्हणत त्यानं हात पुढे केला. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

मी दोन्ही किल्ल्या माझ्याकडे मागितल्या. अब्दुर्रहमान गोंधळला. काकांनी त्या माझ्या हातावर ठेवल्या.

"तुझ्या बापाला न्हाय ना सांगणार?" त्यांनी हळूच विचारलं.

"आधी ऑफिसला सांगते," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.