टेकडीवरचा हिरवा ठिपका

माझा धाकटा भाऊ चाळीस वर्षं एकच टेकडी रंगवत बसला. आमच्या मागच्या दारातून दिसते ती. शाळेत चित्रकला शिकवायची, घरी आलं की स्टँड मांडायचा, आणि पुन्हा टेकडी! मी म्हणायचे, "अरे, ती काय पळून जाणार आहे?"

एकदा शहरातला एक बडा दुकानदार आला. म्हणाला, "मास्तर, दोन हरणं टाका, दहा चित्रं घेतो." हा पठ्ठ्या म्हणतो, "त्या टेकडीवर हरणं नाहीत." झालं! तो गेला, आणि मी दोन दिवस याच्याशी बोलले नाही.

पुढे काचबिंदूनं त्याचे डोळे गेले. आणि यंदा विहीर ठणठणीत आटली. थोरल्या भावाचा मुलगा शहरात असतो, त्याचा फोन आला. "आत्या, पुरे झालं. काकांना घे आणि इकडे ये. रविवारी गाडी आणतो."

धाकटा दिसत नसलं तरी संध्याकाळी खुर्ची टेकडीकडे वळवूनच बसायचा. याला इथून हलवलं तर हा उरणार नाही, हे मला स्वच्छ कळत होतं.

बोअरवाल्यानं दोनदा खोदलं होतं. दोन्हीदा नुसती धूळ. तो म्हणाला, "बाई, आता एकदाच. ऐन उन्हाळ्यात तुमच्या जागेत हिरवळ कुठे टिकते, तेवढं सांगा." मला कुठलं माहीत? जन्म गेला इथे, पण बघितलंय कुणी!

"ताई," आतून धाकटा म्हणाला, "उन्हाळ्यातली चित्रं काढ. मागे तारखा आहेत."

अंगणात एकेक करून छत्तीस चित्रं मांडली. सगळीकडे करपलेला उतार. आणि प्रत्येकात, पायथ्याच्या कललेल्या खडकाखाली, नखाएवढा हिरवा ठिपका. "ब्रश धुवत जा रे, रंग सांडलाय," असं मीच हसले होते त्याला. इतके उन्हाळे या माणसानं नखाएवढंसुद्धा खोटं रंगवलं नव्हतं, आणि नखाएवढं खरं सोडलं नव्हतं. पाठचा भाऊ, पण त्याच्यापुढे हात जोडावेसे वाटले मला.

खडक आमच्याच हद्दीत होता. शनिवारी दुपारी तिथे मशीन लागलं. आधी धूळ, मग चिखल, आणि मग धो धो पाणी! बोअरवाला लहान पोरासारखा नाचला. मी रडतच धावत घरी गेले आणि धाकट्याला हाताला धरून घेऊन आले. भाच्याला गाडी आणू नकोस म्हणून कळवायचं तसंच राहिलं.

धाकट्यानं खाली बसून पाण्यात हात घातला. मग म्हणाला, "ताई, रंग कसा आहे गं?"

"गढूळ. दुसरा कसला असणार?"

"गढूळ म्हणजे कसा?"

खेकसायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं. पदर खोचला, त्याच्या शेजारी खाली बसले.

"थांब," म्हटलं, "नीट बघून सांगते."