खोट्या दिशेचं खरं नाव

पौषातली शुभ्र, शीतल सकाळ. सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, धुकं उतरलं होतं. धवल, घनगर्द, निःशब्द धुकं. तांबडा जांभा दिसेना, करवंदीच्या जाळ्या दिसेनात, विमानतळाची धावपट्टी दिसेना. पूर्वेचा डोंगर तर कुणी उचलून नेल्यागत नाहीसा झाला होता.

त्या धुक्याच्या गर्भात, धावपट्टीपासून हाकेच्या अंतरावर, एक एकाकी पांढरी खोली. खोलीत दिशा सांगणारं यंत्र, आणि यंत्रापाशी अनसूया मेस्त. सव्वीस वर्षं ती ते सांभाळत आली होती. आभाळात वाट हरवलेल्या वैमानिकाचा काटा या यंत्राच्या शब्दावर हलतो. आणि यंत्र रेडिओवरून आपलं नावही घोकत राहतं, तीन अक्षरांचं, टिंबारेघांचं, अखंड, अविरत. नाव कानी पडलं की वैमानिकानं निःशंक विश्वास ठेवायचा. म्हणून यंत्र उघडण्याआधी नाव मुकं करायचं. देवळात शिरताना चपला काढाव्यात, तितक्या सवयीनं ती ते करी.

आज दुरुस्ती दहाला ठरलेली. पण सकाळचं विमान रद्द झालं. मग नुसतं बसून काय करायचं? बाईंनी आठालाच झाकण उघडलं. वैमानिकांशी बोलणाऱ्या टॉवरला कळवलं नाही. आणि नाव? नाव तसंच बोलत राहिलं. अहो, घाईनं शहाण्याचाही घात होतो!

तिनं खुंटी फिरवली, दिशा दहा अंश ढळली, आणि तेवढ्यात भिंतीवरचा रेडिओ खरखरला. शेजारचा विमानतळ धुक्यात बुडाला म्हणून इकडे वळलेलं एक छोटं विमान. आत आठ माणसं.

"तुमचं नाव स्वच्छ ऐकू येतंय," वैमानिक सांगत होता. "काटा धरून खाली येतोय."

अनसूयेची नजर खुंटीवर गेली. दहा अंश पूर्वेला! पूर्वेला डोंगर!

गुपचूप खुंटी मागे फिरवावी? कुणाला कळणार होतं? सव्वीस निष्कलंक वर्षं निष्कलंकच राहिली असती. पण विमान आधीच डोंगराकडे झुकलं होतं. तिनं टॉवरमधल्या तोरसकरांना फोन लावला.

"तोरसकर, त्याला वर घ्या! माझ्या यंत्राचं ऐकू नको म्हणावं. उघडं आहे, आणि नाव चालूच राहिलं. चूक माझी आहे."

"बाई, काय सांगताय काय!" एवढंच म्हणून तोरसकर रेडिओवर ओरडले, "डावीकडे वळून वर चढा! समोर डोंगर आहे!"

श्वेत, स्तब्ध, श्वासहीन क्षण. रेडिओ मुका, आभाळ मुकं. अनसूयेनं ठाऊक होते तेवढे सगळे देव आठवले. आठ माणसं, आठ घरं, आठ घरांत गॅसवर चढलेला चहा.

मग धुकं थरारलं. गडगडाट डोक्यावरून गेला, दूर गेला, उंच गेला.

"वर आलोय," वैमानिकाचा आवाज कापत होता. "ऊन दिसतंय."

ती ढसाढसा रडली. रडतारडताच खुंटी जुन्या खुणेवर आणली. मोजमाप एकदा घेतलं, दोनदा घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं. सगळं बरोबर होतं. तरीही नावाच्या बटणापाशी बोट अडलं.

"तोरसकर, दुसऱ्या कुणाला तरी बोलवा," ती फोनवर म्हणाली. "माझा हात आता नको."

"दुसरं कोण आहे इथं? त्याला इंधन अर्ध्या तासाचं उरलंय."

रेडिओवर वैमानिकानं विचारलं, "यंत्र चुकलंय, हे कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. यंत्र सांभाळणाऱ्या बाईंनी, आपणहून," तोरसकर म्हणाले.

"मग त्यांनाच विचारा. त्या बरोबर म्हणाल्या, की मी उतरतो."

अनसूयेनं पदरानं डोळे पुसले. मोजमाप चौथ्यांदा घेतलं. "बरोबर आहे," ती म्हणाली, आणि बटण दाबलं.

तीन अक्षरं धुक्यात निघाली. ती दाराशी आली, चौकटीला धरून उभी राहिली. धुकं विरळ होत होतं, पण डोळ्यांना काही दिसेना. फक्त आवाज, खाली येणारा, जवळ येणारा, आणखी जवळ येणारा. मग धुक्यात दोन पिवळे दिवे उमटले, थेट धावपट्टीच्या रेषेत. आणि ओल्या डांबरावर चाकं टेकली, हलकेच, एकामागून एक.