एडक्याने मारलेला गोल

सन १९३७. त्या कार्तिकात भोरला नदीकाठच्या मैदानावर जे घडले, त्याचा धक्का माझ्या कातड्यातून अजून गेलेला नाही. मित्रांनो, मी एक जुना फुटबॉल आहे.

पुण्याच्या एका मोच्याने मला शिवले. भोरच्या फुटबॉल मंडळाने मला विकत आणले, आणि पहिलीच लाथ अशी बसली की मी थेट नीरेच्या पाण्यात! ती अनवाणी लाथ बिरूची होती. पासलीच्या डोंगरात मेंढरे राखणारा हा तरणाबांड गडी पुढे दहा वर्षे आघाडीला खेळला. साताऱ्यापर्यंत त्याचे नाव झाले. मग त्याचा गुडघा गेला आणि मंडळाने त्याला मॅनेजर केले. आता तो कडेला उभा राहून नुसता माझ्याकडे बघे. मला ते फार लागले.

मंडळाचे अध्यक्ष चिमाजीराव यांना ही नेमणूक रुचली नव्हती. ढालीच्या स्पर्धेतल्या अंतिम सामन्याआधी ते सगळ्यांदेखत म्हणाले, "बिरू, मेंढरं हाकणं येगळं आन् माणसं हाकणं येगळं. आज हरलास तर मॅनेजरकी सोडायची."

"सोडीन," बिरू म्हणाला.

गलक्यात हाका पोचत नाहीत, म्हणून बिरू तोंडात बोटे घालून शीळ घाली. लांब शीळ म्हणजे मागे या, तुटक शीळ म्हणजे सगळे पुढे. मेंढरांनाही तो याच शिळांनी वळवी. सराव चालला तेव्हा कळप वर डोंगरात होता. पण भातकापणी झाली की शेतकरी खतासाठी मेंढरे आपल्या शेतात बसवतात. बिरूची बायको बयाबाई आदल्याच दिवशी कळप घेऊन मैदानालगतच्या शेतात उतरली होती. सामन्याच्या धांदलीत बिरूला याचा पत्ताच नव्हता.

पुण्याच्या लष्करी छावणीचा संघ समोर होता. सामना बरोबरीत, वेळ संपत आलेली. मी आमच्या आघाडीच्या गेनूच्या पायात होतो. बिरूने त्या सामन्यातली पहिलीच तुटक शीळ घातली. खेळाडू पुढे धावले आणि त्यांच्या मागून अख्खा कळप मैदानात घुसला! धुळीत काही दिसेना. कुणाचे तरी टणक डोके मला लागले आणि मी जाळ्यात जाऊन पडलो. पंचांनी गोल दिला.

भोरकर नाचू लागले. चिमाजीरावांनी बिरूला मिठी मारली. बयाबाई धापा टाकत आली. "अवो, तुमीच बोलावलं की त्यास्नी! म्या कशी अडवू? माझं कदी ऐकत्यात का?"

बिरू लंगडत पंचांकडे गेला. "सायेब, गोल गेनूचा न्हाई. आमच्या एडक्याचा हाय."

लोक हसले. मी जाळ्यात सुन्न होऊन पडलो होतो.

"गप रं!" चिमाजीराव ओरडले. "तुला कुनी इचारलं?"

"कुनी इचारलं न्हाई, म्हनूनच सांगाया आलो."

गोल रद्द झाला. मेंढरे बाहेर काढल्यावर छावणीच्या संघाने गोल केला आणि ढाल पुण्याला गेली. बिरूने तिथल्या तिथे मॅनेजरकी सोडली. बयाबाई मला उचलून म्हणाली, "ह्यो तरी घेऊ घरी. तुमच्याच पायाचा हाय."

"मंडळाचा हाय," म्हणून बिरूने मला खाली ठेवले. इतका मोठा धक्का मला कोणत्याच लाथेने दिला नव्हता.

महिन्याने छावणीच्या संघाने बिरूला आपला मॅनेजर म्हणून बोलावून नेले. तो तिकडे नावारूपाला आला आणि १९४६ मध्ये तापाने गेला. बयाबाईने कळप विकला नाही. म्हातारपणीही ती मेंढरांमागे फिरत होती. गेनू मुंबईला गिरणीत लागला. चिमाजीरावांनी पुन्हा कधी सामना पाहिला नाही. मंडळ मोडले, आणि मी मैदानाच्या कडेला पावसात कुजत राहिलो.

मित्रांनो, मी सगळ्यांचा होतो म्हणून सगळ्यांनी मला खेळवले. सगळ्यांचा होतो म्हणूनच मला आत न्यायला कुणी आले नाही. जे सगळ्यांचे असते, ते पावसाआधी कुणीतरी आत घ्यावे. ते कुणीतरी तुम्ही व्हा.