गावातली व्हीगन सून

मेघाच्या सासरी तीन म्हशी होत्या आणि मेघा तीन वर्षांपासून कोरा चहा पीत होती. यात घरातल्या कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, आणि वाटावं असं तिनंही कधी वागून दाखवलं नव्हतं.

घर भंडारा जिल्ह्यात, लाखनीपासून चार-पाच किलोमीटर आतल्या गावात. धानाची शेती, दारात दोन मोटरसायकली, आत फ्रीज, फ्रीजवर क्रोशाचा रुमाल. खाऊनपिऊन सुखी म्हणतात तसलं. सकाळी दूध काढलं की थोडं घरात राहायचं आणि बाकीचं मेघाचा नवरा अमर कॅनमध्ये घालून लाखनीच्या संकलन केंद्रावर न्यायचा. तिथून पुढं हायवेवरच्या आपल्या स्पेअर पार्टच्या दुकानात. घरात राहिलेल्या दुधात सासरे भय्याजींचा चहा, अमरचा चहा, सासू गोदावरीबाईंचा चहा, पाहुणा आला तर त्याचा, आणि शेवटी चिंगीची वाटी. चिंगी म्हणजे मांजर. ती धानाच्या कोठीवरचे उंदीर मारायची, म्हणून तिचा हक्क होता. सून कोठीवरचे उंदीर मारत नाही.

दूध पिऊ नको असं मेघाला कुणी सांगितलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी तिच्या हातात आलेला कप काळा होता. सासू विसरल्या असतील, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशीही विसरल्या. चौथ्या दिवशी तिला समजलं की या घरात कुणी काही विसरत नाही. मागायची सोय नव्हती, कारण मागितलं की माहेरचा उद्धार ठरलेला, आणि माहेरी एकोडीला तरी काय, तिची आईही कोराच प्यायची. गोदावरीबाईंनी स्वतः बावीस वर्षं कोऱ्या चहावर काढली होती. त्यांची सासू गेली, तेरवी झाली, पाहुणे पांगले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या कपात दूध ओतलं. हे त्या शेजारणींना अभिमानानं सांगत. तुरुंगातून सुटलेला माणूस पुढं तिथलाच पहारेकरी व्हावा, तशातली गत.

अमरनं नवीन फोन घेतला तेव्हा जुना मेघाला मिळाला. काच कोपऱ्यात तडकलेली, पण चालायचा. दुपारी भांडी आटोपली, सासू लवंडल्या की ती ओसरीवर बसून रेसिपीचे व्हिडिओ बघायची. अशाच एका व्हिडिओखाली एक लिंक होती. ती दाबली आणि मेघा 'फोडणी आणि गप्पा' या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये जाऊन पडली. ग्रुप पुण्याच्या मोनाताईंचा. तिथं दीड-दोनशे बायका दिवसभर बोलत असायच्या आणि कुणी कुणाला कामाला लावत नसे. कुणाचं ओटचं दूध चहात फुटायचं, कुणाचा लॅब्रॅडॉर दहीभाताशिवाय कशाला तोंड लावेना, कुणाच्या मुलाला दुधी आवडेना, कुणी बदाम भिजवायचे विसरली म्हणून हळहळायची. मेघाला हे सगळं फार आवडायचं. बदाम भिजवायचे विसरणं ही एवढी मोठी गोष्ट असू शकते, हे तिला ठाऊकच नव्हतं.

तिनं लाखोरीच्या डाळीच्या वड्यांचा फोटो टाकला तेव्हा चाळीस जणींनी कृती विचारली. लग्नाच्या तीन वर्षांत या बाईला कुणी काही विचारलं नव्हतं, मीठ कुठं ठेवलं एवढं सोडून. एकदा ताप आला आणि दोन दिवस ती फोनकडे वळली नाही, तर मोनाताईंचा मेसेज आला, 'मेघा, दिसली नाहीस दोन दिवस. बरी आहेस ना?' घरात तापाची चौकशी 'भाकरी कोन टाकन' एवढीच झाली होती. तो मेसेज तिनं किती वेळा वाचला, याला हिशोब नाही.

मग एका सकाळी मोनाताईंनी सगळ्यांना आपापल्या पहिल्या चहाचा फोटो टाकायला सांगितला. मेघानं टाकला. निळ्या भिंतीला टेकून ठेवलेला स्टीलचा कप, त्यात काळा चहा, आणि बाजूला वाटीत तोंड खुपसून बसलेली चिंगी. मोनाताईंनी लगेच लिहिलं, 'अगं, तूही व्हीगन? गावात राहून?'

मेघाला शब्द माहीत नव्हता. तिनं शोधला. दूध, दही, तूप, जनावराचं काहीच न घेणारी माणसं, मोनाताईंसारखी. आता खरं काय ते सांगायचं तर लिहावं लागलं असतं की ताई, मी सोडलेलं नाही, मला मिळत नाही. तीन म्हशींच्या घरात. हे लिहिलं असतं तर सासरची लाज गेली असती, आणि खरं सांगायचं तर तिचीही गेली असती, कारण ज्या बाईला मांजराच्या नंतरही दूध मिळत नाही तिला काय किंमत? आपलेच दात, आपलेच ओठ. तिनं लिहिलं, 'हो ताई.'

त्या दोन शब्दांनी जे नशिबी आलं होतं ते एकदम मनानं सोडलेलं झालं. बायकांनी तिच्यावर नुसती फुलं उधळली. किती निग्रह, म्हणाल्या. स्वतः पीत नाही पण मांजराला देते, केवढं मन, म्हणाल्या. मेघाला आधी हसू आलं, मग ते बरं वाटू लागलं आणि पुढं पुढं तर सकाळी काळा कप हातात आला की ती सासूकडे बघायचीही नाही. जणू तिनंच तसा मागितला होता.

मग सगळ्या विचारू लागल्या की तू दुधाऐवजी काय वापरतेस. एका दुपारी सासू झोपल्यावर तिनं मूठभर भिजवलेले तांदूळ वाटले, जुन्या ओढणीच्या तुकड्यातून गाळले आणि पांढरं पाणी चहात घालून उकळलं. त्याची पेज झाली. दुसऱ्या दिवशी तिनं चहा खाली उतरवून मग ते घातलं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्या कपातला चहा बदामी रंगाचा झाला. चव तांदळाच्या धुवणासारखीच होती, उगीच खोटं कशाला बोला. पण रंग होता. कोठीच्या आड उभं राहून तिनं तो सावकाश संपवला, ओढणीचा तुकडा धुऊन लपवला आणि कृती ग्रुपवर लिहून टाकली.

मोनाताईंना ती इतकी आवडली की त्यांनी विचारलं, तुझ्यावर माझ्या फेसबुक पेजवर लिहू का? मेघा दचकली. पण नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागणार, आणि कारण दिलं की सगळंच उघडं पडणार. तेवढा चेहरा नका दाखवू म्हणाली. मोनाताईंनी तो चहाचा फोटो लावला आणि वर ठळक लिहिलं, 'गावातली व्हीगन सून'. खाली लाखनीचं नावही टाकलं. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथं तर दूधही नव्हतं, नुसतेच डोळे मिटलेले होते.

दोन दिवस कौतुकाचा पूर आला. खेड्यातल्या साध्या बाईला जे कळतं ते आपल्याला कळत नाही, असं ठाण्याच्या एकीनं लिहिलं. तिसऱ्या दिवशी साकोलीकडच्या कुण्या बाईनं खाली लिहिलं, 'मंग त आमच्याकडच्या साऱ्याच सुना व्हीगन हायेत बापा. सासू मेल्यावरच सुटते हे व्हीगनपन.'

पुण्याच्या बायकांना काही कळलं नाही. एकीनं 'म्हणजे?' असं विचारलं. पण भंडारा, तुमसर, पवनी, जिथून जिथून बायकांनी ते वाचलं, तिथं तिथं ती ओळ बरोबर पोचली. त्याखाली हसणाऱ्यांची रांग लागली. कुणीतरी निळी भिंत ओळखली. कुणीतरी चिंगीसुद्धा ओळखली.

अमरची थोरली बहीण डिंपल भंडाऱ्याला दिली होती. तिच्या जावेनं तिला जेवताना विचारलं, तुझ्या माहेरी सुनेला दूध देत नाहीत का गं? डिंपल रविवारी स्कूटीवर माहेरी आली, हेल्मेट काढायच्या आत आईला फोन दाखवला आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. डिंपल स्वतः सासरी कसला चहा पिते, हे कुणी विचारलं नाही.

गोदावरीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग मेघाला हाक मारून समोर उभं केलं.

"माया घराची इज्जत तू त्या फोनात घातली."

"मी तुमाले काही नाई म्हटलं आई," मेघा म्हणाली. "मी त माया मनानं दूध सोडलं, असंच लिवलं."

"मंग लोक काहून हासून राहिले?"

याचं उत्तर मेघाजवळ होतं. ते ओसरीवरच्या प्रत्येकाजवळ होतं. भय्याजींनी पेपर जरा वर धरला. अमर किल्ल्या बोटात फिरवत दाराशी उभा होता. या घराचं नाव राखण्यासाठी मेघा खोटं बोलली होती आणि त्याच घराचं नाव घालवल्याबद्दल ती उभी होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार यालाच म्हणतात.

तोड डिंपलनंच काढली. वहिनीनं दूध पिताना व्हिडिओ काढायचा आणि तिच्याच फोनवरून तिच्याच ग्रुपात टाकायचा, म्हणजे साऱ्यांची तोंडं बंद. गोदावरीबाई उठल्या. पाहुण्यांचा मोठा ग्लास काढला, काठोकाठ भरला, वर बोटभर साय घातली, साखरही घातली. हात मोकळा होता त्यांचा त्या दिवशी. मेघानं एकदा अमरकडे पाहिलं. तीन वर्षांत नवऱ्याकडे तिनं मागितलेली हीच एक गोष्ट होती, आणि तीही तोंडानं नाही.

"पिऊन टाक न," तो म्हणाला. "मिटून जाईन एकदाचं."

डिंपलनं फोन धरला. मेघा आधी शिकवलेलं बोलली, आमच्या घरी दुधाची कमी नाही, मी रोज पिते, ते गमतीनं लिहिलं होतं. मग तिनं ग्लास तोंडाला लावला. दूध बाधेल, ओकारी येईल असं तिला वाटलं होतं. निदान तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण दूध गोड लागलं. इतकं गोड लागलं की अर्ध्या ग्लासावर तिचे डोळे भरून आले, आणि ती थांबली नाही, तळाची साखर जिभेवर येईपर्यंत प्यायली. त्या गोडीचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

"रडते काहून?" गोदावरीबाई म्हणाल्या. "कोनी मारलं का तुले?"

डिंपलनं रडण्याआधीचं तेवढं ठेवलं आणि ग्रुपवर टाकून दिलं.

दुपारभर फोन वाजत राहिला. बायकांनी आधी विचारलं, मग हिणवलं, मग आपसातच बोलू लागल्या. आपण हिच्यासाठी काय काय लिहिलं, केवढा विश्वास ठेवला. तांदळाच्या दुधाची कृतीसुद्धा कुठून तरी उचललेली असणार, असं एकीचं मत पडलं. लॅब्रॅडॉरवालीला चिंगीची दया आली. वाटी फोटोपुरतीच असेल बिचारीची, म्हणाली. संध्याकाळच्या आत मोनाताईंनी लेख पुसला आणि मेघाला ग्रुपमधून काढून टाकलं.

तेव्हा मेघा गोठ्यात गेली, म्हशीच्या गव्हाणीच्या काठावर बसली आणि तिनं मोनाताईंना एकटीला लिहिलं. आयुष्यात इतकं लांब तिनं कधी काही लिहिलं नव्हतं. पहिला काळा कप, चौथा दिवस, सासूची बावीस वर्षं, ओढणीचा तुकडा, काठोकाठ भरलेला ग्लास आणि फोन कुणाच्या हातात होता ते, सगळं. शेवटी लिहिलं, 'ताई, मी दूध सोडलं नव्हतं, मला मिळतच नव्हतं. तेवढं एक खोटं बोलली. बाकी सगळं खरं होतं.'

दोन निळ्या खुणा उमटल्या. म्हशी रवंथ करत होत्या. मग उत्तर आलं.

'किती वेळा गोष्ट बदलशील गं? व्हिडिओत भरल्या ग्लासातून पितेस, चांगली चवीनं. तीन म्हशी असलेल्या घरात सुनेला चहापुरतं दूध नाही, हे कोण खरं मानेल? काळजी घे.'

पुढं तिनं लिहिलेल्या मेसेजखाली एकच खूण राहिली, ती दुसरी काही उमटली नाही. खरं होतं ते पुण्यात कुणाला पटण्यासारखं नव्हतं, आणि इथं ते सगळ्यांना एवढं पटलेलं होतं की त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

सोमवारी सकाळी अमर कॅन बांधून निघायच्या तयारीत होता. गोदावरीबाईंनी चार कप मांडले, चहा गाळला, तीन कपांत दूध घातलं. पातेल्यात तळाला अजून थोडं उरलं होतं. मेघानं हात पुढं केला, पातेलं उचललं आणि आपल्या कपावर धरलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. कालचं एवढं झाल्यावर निदान हे तरी आता होईल, असं तिला वाटलं होतं.

गोदावरीबाई रागावल्या नाहीत. त्यांनी पातेलं तिच्या हातून घेतलं, वाकून तळाचं दूध चिंगीच्या वाटीत ओतलं आणि समजावल्यासारखं म्हणाल्या, "काल त पेली ना, गिलासभर."