मानाचं शिंग

मित्रांनो, मी एका चितळाचं जुनं शिंग आहे. त्या सकाळीही सेतुमाधवअप्पांनी मला धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि लेकीला हाक मारली, "सीतालक्ष्मी, मानाचं शिंग पिशवीत घाल गे!"

"अप्पा, हरणाचं म्हणा. हरणाला 'मान' म्हणतात ते तमिळात. मराठीत मान वेगळा."

"ते तुझ्या पुण्याहून आलेल्या पुस्तकांत. तंजावरात हा मानच!"

हा त्यांचा रोजचा वाद. सीतालक्ष्मी हसली, पण "मानाचं" काही म्हणाली नाही.

अप्पा शाळेत प्राणिशास्त्र शिकवत. वर्गात मला हातात घेतलं की त्यांचा आवाज उजळे, तसा त्या दिवशीही उजळला. "कोडिकराईच्या रानात हे वाढलं. आधी मऊ, मखमली कातड्याखाली, रक्तानं गरम. मग टणक झालं, तशी नरानं झाडाला घासून ती मखमल उतरवली. मागच्या दोन पायांवर उभा राहून तो उंच फांद्यांना शिंगं लावी. माकडं वरून पाला पाडत, कळप खाली चरे. धोक्याची चाहूल लागली की एखादं चितळ पाय आपटे, नि सगळे कान टवकारत."

"सर, मारला त्याला?" एका मुलीनं विचारलं.

"छे! शिंग आपोआप गळतं. वर्ष भरलं की पडतं, त्याच जागी नवं फुटतं. एवढा डौल, पण सोडताना कुरकुर नाही."

"मग आम्हीही एक आणू?"

"नको. पडलेली शिंगं चितळंच चघळतात, हाडांना बळ येतं. हे बघ त्यांचे दात." माझ्या टोकाजवळच्या खुणा त्यांनी बोटानं दाखवल्या. "मी एक आणलं, ते पुरे. बाकीची त्यांची."

मित्रांनो, तेवढं तुम्हीही लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी अप्पा उठलेच नाहीत.

तेरावं झाल्यावर वेंकूबाईआत्या घर आवरू लागल्या. त्यांनी मला फडताळातून चिमटीत धरून बाहेर काढलं. "हे हाड कशाला गे घरात? नदीत सोडून ये."

सीतालक्ष्मीनं मला त्यांच्या हातून घेतलं. पदरानं पुसलं, अप्पा पुसत तसंच, टोकापासून बुंध्याकडे. बराच वेळ पुसत राहिली.

"हाड नाही, आत्या," ती म्हणाली. मग अप्पांच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून, पलीकडच्या खोलीत ऐकू जावं इतक्या मोठ्यानं म्हणाली, "मानाचं शिंग आहे हे. मानाचंच, अप्पा."